पोटाचा हिशोब: आयबीएससाठी फंक्शनल मेडिसिनमधलं काय घ्यावं, काय सोडावं

सांगलीहून इस्लामपूरला नोकरीसाठी रोज एसटीने जाणाऱ्या बाईला आष्ट्याच्या स्टँडवर स्वच्छतागृह नेमकं कोणत्या कोपऱ्यात आहे हे माहीत असायचं कारण नाही. मला माहीत होतं. गाडी किती मिनिटं थांबते, कंडक्टरला काय सांगितलं की तो घंटी मारायच्या आधी थांबतो, हेही पाठ होतं. सकाळी पोटात कळ, मग घाईची लागणे, जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं न वाटणे आणि संध्याकाळी ढोल्यासारखं फुगलेलं पोट. मध्येच चार दिवस खडा. आमच्याकडे याला सरसकट 'अमिबा' म्हणतात. गल्लीतल्या दवाखान्यातून मीही तेच ऐकलं आणि जुलाबाच्या त्याच गोळ्यांचा कोर्स वर्षात तीनदा केला. शेवटी मिरजेतल्या पोटाच्या डॉक्टरांनी तपासून आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, असं नाव दिलं.

नाव मिळालं, पण पुढे करायचं काय ते कळेना. तेव्हा भाचीने मोबाइलवर फंक्शनल मेडिसिनचे व्हिडिओ पाठवले. अमेरिकेत जेफ्री ब्लँड यांनी १९९१ साली या विचाराची संस्था काढली. आजाराच्या नावाला औषध देण्याऐवजी 'याच माणसाला हे आत्ताच का झालं' याचा माग काढायचा, असं ते म्हणतात. पोटासाठी त्यांचा पाच 'आर'चा क्रम आहे: रिमूव्ह, रिप्लेस, रीइनॉक्युलेट, रिपेअर, रीबॅलन्स. त्रास देणारं काढा, कमी पडतंय ते भरा, चांगले जिवाणू पेरा, आतड्याचं अस्तर दुरुस्त करा, राहणी ताळ्यावर आणा. ऐकायला छान. मग एका क्लिनिकच्या पॅकेजचा आकडा विचारला तर तो माझ्या दीड पगाराएवढा निघाला.

पॅकेज मी घेतलं नाही, क्रम मात्र घेतला. दोन वर्षांच्या अनुभवानंतर माझं मत असं झालंय की या पाचांतला पहिला आणि शेवटचा 'आर' खरं काम करतात आणि ते जवळजवळ फुकट आहेत. मधले तीन बिल वाढवतात. आणि पहिल्यातही सगळे जण अर्धंच करतात, पदार्थ बंद करतात आणि परत सुरू करायचं राहून जातं. खाली माझ्या क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: हे आयबीएसच आहे ना

ही पायरी वगळून कोणीही आहाराला हात घालू नये. डॉक्टर वापरतात त्या रोम निकषांनुसार (चौथी आवृत्ती, २०१६) पोटदुखी गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी हवी, सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची हवी, आणि शौचाला जाण्याशी दुखण्याचा संबंध, शौचाची वारंवारता बदलणं, शौचाचं रूप बदलणं या तिघांतल्या दोन गोष्टी हव्यात. नुसतं फुगणं किंवा नुसता गॅस म्हणजे आयबीएस नव्हे.

काही लक्षणं असतील तर हा लेख बाजूला ठेवून आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा: शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, ताप, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याला सूज येण्याचा आजार. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असतो, तो पुस्तकातला आजार नाही.

तपासण्या फार लागत नाहीत. हिमोग्राम, सीआरपी, थायरॉईड, शौचाची साधी तपासणी, जुलाबाचा प्रकार असेल तर कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज आहे का ते सांगणारी शौचाची तपासणी), आणि सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, त्यासाठी टीटीजी ही रक्ततपासणी. या शेवटच्या तपासणीची एक खोच आहे. ती गहू खात असतानाच करावी लागते. आधी चपाती सोडली आणि मग तपासणी केली तर आजार असूनही निकाल निगेटिव्ह येऊ शकतो.

औषधांची पिशवीही डॉक्टरांपुढे रिकामी करा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीने जुलाब होऊ शकतात, लोहाच्या गोळीने खडा होतो, काही अँटासिडमधल्या मॅग्नेशियमने पातळ होतं. आमच्या शेजारच्या काकांचा 'आयबीएस' मेटफॉर्मिनचा प्रकार बदलल्यावर पंधरा दिवसांत गेला. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

दुसरी पायरी: आयुष्याची पट्टी

फंक्शनल मेडिसिनवाले याला टाइमलाइन म्हणतात आणि त्यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करा, आडवी रेघ मारा, डावीकडे जन्म, उजवीकडे आज. वर आजारपणं, ऑपरेशनं, अँटिबायोटिकचे कोर्स, बाळंतपणं लिहा. खाली घर बदलणं, नोकरी, मृत्यू, भांडणं, कर्ज. मग पोट बिघडल्याच्या खुणा लाल पेनाने.

माझ्या पानावर लाल खुणा जवळजवळ सगळ्या उजव्या टोकाला गोळा झाल्या, आणि पहिली खूण ऑगस्ट २०१९ची. महापूर. आम्ही आठ जण मावशीच्या दोन खोल्यांत, पाणी टँकरचं. तिसऱ्या दिवशी मला जुलाब-उलट्या, ताप, सलाईन. पूर ओसरला, घरातला गाळ काढला, विम्याचे कागद झाले. पोट मात्र पुरात अडकलं ते अडकलंच. इतकी वर्षं मी 'टेन्शनमुळे होतं' म्हणत होते.

आतड्याच्या संसर्गानंतर दहातल्या साधारण एकाला आयबीएस मागे राहतो हे आता चांगलं माहीत आहे. कॅनडातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात जिवाणू मिसळले, त्या गावातल्या लोकांचा पुढे कित्येक वर्षं मागोवा घेतला गेला, आणि आजारी पडलेल्यांमध्ये आयबीएसचं प्रमाण जास्त आढळलं. जंतू जातात, पण आतड्याच्या नसा हळव्या होऊन बसतात. म्हणजे माझ्या पोटात अमिबा बसलेला नव्हता आणि त्याच्या गोळ्या पुन्हा पुन्हा घेण्यात अर्थ नव्हता. तुमच्या पट्टीवर कदाचित पित्ताशयाचं ऑपरेशन सापडेल. त्यानंतरचे जुलाब पित्तरसामुळे असू शकतात आणि त्याचं औषध वेगळं आहे. ही पट्टी डॉक्टरांना दाखवा. पाच मिनिटांच्या तपासणीत तुमच्या तोंडून जे निसटतं ते त्यावर असतं.

तिसरी पायरी: दोन आठवडे फक्त लिहायचं

काहीही न बदलता. दूधवाल्याचा हिशोब जसा कॅलेंडरच्या चौकटीत लिहितो तसा मी पोटाचा लिहिला. शौच किती वेळा आणि कसं, याला ब्रिस्टल तक्ता वापरा. १९९७ मध्ये ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेला हा तक्ता एक ते सात आकड्यांचा आहे: एक-दोन म्हणजे खडा, तीन-चार उत्तम, सहा-सात पातळ. शेजारी दुखणं शून्य ते दहा, झोप किती, पाळीचा दिवस, आणि जेवणात काय.

माझ्या चौकटी अशा होत्या: 'सोम. सहा, सहा, सात. दुखणं ७. सकाळी चहा-पाव. झोप पाच तास.' 'गुरु. चार. दुखणं २. उपास.' 'शुक्र. चार. दुखणं २.' 'शनि. सहा, सात. दुखणं ६. रात्री बाहेर अख्खा मसूर.' दोन आठवड्यांत दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. सोमवार काहीही खाल्लं तरी वाईट, कारण त्या दिवशी आमच्या कार्यालयात गर्दी असते आणि आदल्या रात्री मी जागी असते. आणि गुरुवार दोन्ही वेळा चांगला.

गुरुवारचं कोडं मला दोन दिवस सुटलं नाही. उपासाला मी भगर, दाण्याची आमटी, बटाटा खाते, म्हणजे तेल-तूप कमी नसतं, उलट जास्तच. मग भांडी घासताना लक्षात आलं, त्या दिवशी काय खाते यापेक्षा काय खात नाही ते बघ. कांदा नाही, लसूण नाही, गहू नाही, डाळ नाही.

चौथी पायरी: आधी सवयी

आहार काटण्याआधी चार आठवडे साध्या गोष्टी करा. बऱ्याच जणांचं इथेच भागतं. जेवणाच्या वेळा ठरलेल्या. सकाळी उपाशीपोटी कडक चहावर चहा नको, दिवसात तीन कपांच्या वर नको. डबा दहा मिनिटांत संपवण्याऐवजी वीस मिनिटं. जेवणानंतर शतपावली. सकाळचा घाईचा त्रास असेल तर पाऊण तास आधी उठायचं आणि गाडीच्या आधी पोटाला त्याचा वेळ द्यायचा. हे करायला मला सगळ्यात जड गेलं आणि फायदाही सगळ्यात जास्त झाला.

तंतूंबद्दल एक गैरसमज आहे की कोंडा खाल्ला की पोट सुधारतं. आयबीएसमध्ये गव्हाचा कोंडा बऱ्याचदा गॅस आणि दुखणं वाढवतो. इसबगोल चालतं, जुलाबालाही आणि बद्धकोष्ठालाही. एक चहाचा चमचा पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं, वरून आणखी पाणी, आणि आठवड्याने दोन चमचे. पहिल्या दिवशी तीन चमचे घेतले तर पोट फुगेल आणि दोष इसबगोलवर जाईल. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. सोनामुखीची चूर्णं रोज घेऊन 'पोट साफ' ठेवायची आपल्याकडची सवय मात्र सोडा.

पाचवी पायरी: काढून बघणे, फक्त चार ते सहा आठवडे

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात तयार झालेला लो-फॉडमॅप आहार आयबीएससाठी सगळ्यात जास्त तपासला गेलेला आहार आहे. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही साखरा. त्या आतड्यात पाणी ओढतात आणि पुढे जिवाणू त्यांना आंबवून वायू तयार करतात. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. आपल्या आतड्याच्या नसा हळव्या असल्याने आपल्याला ते दुखतं.

बंद करायचं ते: कांदा, लसूण, गहू-मैदा-रवा, बहुतेक कडधान्यं, दूध-खवा, फ्लॉवर, मशरूम, काजू, मध, आंबा, सफरचंद, कलिंगड. सांगलीकरांना आणखी दोन घाव: द्राक्षं दोन-चार मण्यांच्या वर नाहीत, आणि बेदाणे नाहीत. भडंगात चुरमुरे आणि दाणे चालतात, पण त्यातला लसूण नाही. चालतं ते बघा, आपलं ताट रिकामं होत नाही: तांदूळ, पोहे, ज्वारीची आणि नाचणीची भाकरी, बटाटा, वांगं, भेंडी, काकडी, गाजर, पालक, मेथी, हिरव्या घेवड्याच्या शेंगा, शेंगदाणे, अंडी, मासे, मटण, तूप, संत्रं, पपई. भेंडी आणि घेवडा वाटीभरापर्यंत. डाळ पाहिजेच असेल तर मूग, रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून, पातळ, अर्धी वाटी. महागडी ग्लुटेन-फ्री बिस्किटं घ्यायची गरज नाही. सीलिअ‍ॅक नसेल तर इथे त्रास गव्हातल्या फ्रुक्टन या साखरेचा आहे, ग्लुटेनचा नाही. भाकरी आहे की.

खरी अडचण डब्यात होती. आमच्या घरात पाच किलो कांदा-लसूण मसाला एका वर्षाचा असतो आणि तो कालवणात, कोरड्यासात, अंड्याच्या पोळीतही पडतो. पहिल्या आठवड्यात मी कांदा चिरायचा बंद केला आणि मसाला तोच वापरला. मटणात फॉडमॅप नाही म्हणून रस्साही ओरपला, आणि रात्र मोरीत काढली. तेव्हा सासूबाईंना सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "अगं, कांद्याशिवाय कालवण म्हणजे नुसतं तिखट पाणी." मग स्वतःच उठल्या. बेडगी मिरची, धणे, जिरं, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, सगळं मंद आचेवर एकेक भाजून मिक्सरला काढलं. खोबरं तांबूस होईपर्यंत त्या कढईपासून हलल्या नाहीत. "कांद्याची गोडी खोबऱ्याने भरून काढायची," म्हणाल्या. दाण्याचं कूट घालून केलेलं वांग्याचं कालवण घरातल्या कोणाला वेगळं लागलं नाही.

लसणाच्या वासावाचून ज्यांना जेवण जात नाही त्यांच्यासाठी एक युक्ती आहे. लसणातही फ्रुक्टनच असतं, आणि ते पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. अख्ख्या पाकळ्या तेलात तांबूस करा, पाकळ्या काढून टाका, त्या तेलात फोडणी द्या. रस्सा शिजताना पाकळ्या टाकून नंतर काढल्या तर उपयोग नाही. हे तेल रोजच्या रोज ताजं करा, बाटलीत भरून ठेवू नका, लसणाच्या तेलात घातक जंतू वाढतात. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग चालतो. हिंग चालतो.

ज्यांच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतं त्यांनी कांदेनवमी झाल्यावर हा प्रयोग करावा. वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही आणि पाहुण्यांना खुलासाही द्यावा लागत नाही.

हा आहार गरोदर बायका, मुलं, वजन कमी असलेले, आणि खाण्याची भीती बसलेले यांनी स्वतःच्या स्वतः करू नये. मधुमेहींनी आहारतज्ज्ञाला विचारून करावा. सहा आठवड्यांत काहीच फरक नाही पडला तर सगळं परत सुरू करा. तुमचा त्रास यातला नाही.

सहावी पायरी: परत आणणे

माझ्या वर्तुळात हा आहार केलेल्या चौघींपैकी तिघी इथे पोचल्याच नाहीत. बरं वाटलं आणि त्या तिथेच थांबल्या. वर्षभर कांदा नाही, डाळ नाही, दूध नाही. हे चुकीचं आहे. या साखरा आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं आहे, आणि डाळी-दूध सोडून शाकाहारी माणसाने प्रथिनं आणि कॅल्शियम आणायचं कुठून?

पद्धत अशी. बाकी जेवण पाचव्या पायरीचंच ठेवायचं आणि एका वेळी एकच पदार्थ तपासायचा. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. त्रास झाला तर तिथेच थांबायचं. मग दोन-तीन दिवस काही नवीन नाही, पोट निवू द्यायचं, आणि पुढचा पदार्थ. प्रत्येक गटाचा एक प्रतिनिधी घ्या: दूध, चपाती, कांदा, लसूण, मसूर, आंबा किंवा मध, फ्लॉवर. कांदा-लसूण एकत्र तपासू नका, आणि परीक्षेला चहातलं दूध नको, पेलाभर साधं दूध हवं. पाळीच्या आठवड्यात किंवा लग्नाच्या धामधुमीत परीक्षा घेऊ नका, निकाल खोटा येतो.

मला दोन महिने लागले. दूध पाव पेला चालतं, पूर्ण पेल्याने पोट फुगतं, म्हणजे चहा परत मिळाला. कंदी पेढा एक. चपात्या दोन चालतात, तीन नाही. मसूर अर्धी वाटी, भिजवून. आंब्याने काहीच झालं नाही, हापूसची एक पेटी उगाच हुकवली. लसूण चालला! कांदा नाही, कच्चा तर अजिबात नाही. म्हणजे ज्या यादीपुढे मी दीड महिना हात जोडून बसले होते तिच्यातली खरी दोषी वस्तू एक निघाली. तुमची वेगळी निघेल, म्हणून माझी यादी उतरवून घेऊ नका.

मधले तीन 'आर'

थोडक्यात. अन्नाची आयजीजी (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) 'सेन्सिटिव्हिटी' तपासणी करू नका; जे रोज खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी सापडणं साहजिक आहे, तो दोषाचा पुरावा नव्हे. शौचातल्या जिवाणूंचे रंगीत तक्ते देणाऱ्या महागड्या चाचण्यांवरून अजून कोणाचा उपचार ठरवता येत नाही. प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंची कॅप्सूल किंवा पावडर) घ्यायचंच तर एकच, जास्तीत जास्त बारा आठवडे, फरक नसेल तर बंद. ग्लुटामीन, पाचक एन्झाइम आणि 'लीकी गट'ची, म्हणजे गळक्या आतड्याची, पावडर यांवर मी पैसे घातले नाहीत. हळदीच्या कॅप्सूलचा डबाही एकाने दाखवला. सांगलीत राहून हळद डब्यातून विकत घ्यायची म्हणजे कमाल. आतड्यात जाऊन विरघळणारं आवरण असलेल्या पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलने पोटातली कळ कमी होते याला मात्र चांगला आधार आहे, छातीत जळजळ असेल तर नको.

शेवटचा 'आर'

सोमवारचं काय, हा प्रश्न आहाराने सुटला नव्हता. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच असतं. भीती वाटली की पोटात गोळा येतो तो याच तारांवरून. हे 'मनाचे खेळ' नाहीत. बोलण्याची उपचारपद्धती आणि आतड्यावर केंद्रित संमोहन आयबीएसमध्ये खरोखर उपयोगी ठरलेत. समुपदेशक जवळ नसेल तर रोज रात्री दहा मिनिटं पोटाने सावकाश श्वास, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मी रविवारी रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले. सोमवार सातावरून चारावर आला, शून्यावर नाही.

तरीही भागत नसेल तर औषधाला कमीपणा मानू नका. ब्रिटनमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ४६३ जणांवरच्या अभ्यासात अमिट्रिप्टिलीन अगदी कमी मात्रेत, रोज १० ते ३० मिलिग्रॅम, दिल्यावर आयबीएसचा त्रास आत औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त कमी झाला. नैराश्यासाठी ते याहून बऱ्याच मोठ्या मात्रेत देतात, म्हणून चिठ्ठीवर नाव बघून घाबरू नका. पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

अधूनमधून पोट बिघडणारच. त्या दिवशी मी मऊ भात, तूप, मीठ, उकडलेलं गाजर यांवर दोन दिवस राहते आणि तिसऱ्या दिवशी नेहमीचं जेवते. पुन्हा सहा आठवडे सगळं बंद करत नाही. लग्नात वरण-भात, बटाट्याची भाजी, एक जिलेबी, रस्सा नाही. यजमानांना 'गुरुवार आहे' एवढं सांगितलं की आग्रह थांबतो, वार कोणताही असो.

या मे महिन्यात कांडपावर मिरच्यांबरोबर दोन डबे गेले. एकात नेहमीचा मसाला, दुसऱ्यात लसूण आहे, कांदा नाही. त्यावर सासूबाईंनी पट्टी चिकटवून 'हिचा' असं लिहिलं. जुलैत बघितलं तर तो डबा निम्मा झाला होता, आणि मी एकटी एवढं खात नाही.